मुंगुसासाठी दुसरी शिट्टी

प्रिय कासवा,

सप्रेम नमस्कार. मी जिवंत आहे. (एरवी हे पत्रात लिहावं लागत नाही. पत्र आलं म्हणजे लिहिणारा आहे असं लोक धरून चालतात. सध्या माझ्या बाबतीत तसं धरत नाहीत, म्हणून आधीच सांगून टाकलं.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींची दाढ एकदाची निघाली का, की अजून "उद्या जाते" चाललंय? लेकीच्या घरी खिडकीजवळची खुर्ची तुला मिळाली, की जावई तिच्यावरून उठतच नाही? तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला अलीकडे नसलेलंही ऐकू येतं, म्हणून हे पत्र. सावकाश वाच. तू तसंही सावकाशच वाचणार.

आधी खर्च सांगतो. एक ओळ खोडून घेण्यापायी आजवर माझं काय काय गेलं ते असं: झोप जवळजवळ सगळी, भूक निम्मी, चष्म्याची एक काडी (त्याच्यावर बसलो), खारताईशी असलेली लहानपणापासूनची मैत्री, आणि बायकोपुढची पत, जी मुळातच बेताची होती. शिवाय दुकानातली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलीत, तो मान वेगळा. आणि ती ओळ आहे तिथेच आहे.

आपली खारताई म्हणजे मुलींच्या तुकडीतली ती, जी खडूचे संपलेले तुकडेसुद्धा खिशात साठवायची. ती जन्मभर ग्रंथपाल होती हे तुला ठाऊक आहेच. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात, नातवंडं खेळवतात. हिने आपल्या लहानपणच्या दलाचा इतिहास गोळा करायला घेतला. हॉल पाडून तिथे आता मोटारी लावतात, ढोल कोणी नेला माहीत नाही, झेंडा कसरीने खाल्ला, उरलो आपण, आणि आपणही एकेक करून कमी होतोय, हे तिने मला फोनवर इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मी लगेच "हो" म्हणालो आणि मग बराच वेळ स्वतःची नाडी धरून बसलो. तर तिने इंटरनेटवर एक विकी काढलाय. विकी म्हणजे काय, तर अशी एक लांबच लांब भिंत, जिच्यावर आपल्यातल्या कोणीही येऊन लिहावं, दुसऱ्याने ते खोडावं, तिसऱ्याने पहिल्याचं परत आणावं, आणि कोणी केव्हा काय केलं ते सगळं मागे जमा होत राहावं. म्हणजे दलाच्या सभा व्हायच्या तसंच, फक्त खुर्च्या नाहीत.

यावर खारताईने आपलाच जुना नियम बसवला, दोन शिट्ट्यांचा. शिबिरात एकाने शिट्टी वाजवली तर कोणी जागचं हलायचं नाही (कारण तो एक म्हणजे तू तरी असायचास नाहीतर मी, आणि धोका वगैरे काही नसायचा), दोघांच्या दोन शिट्ट्या आल्या तरच खरं मानायचं. इथेही तसंच. एकाने गोष्ट लिहिली की तिच्यापुढे एक छोटी शिट्टी उमटते. दुसऱ्याने "होय, मीही होतो" म्हटलं की दुसरी. दोन झाल्या की ती गोष्ट इतिहासात जमा, आणि मग ती खोडायलाही दोन शिट्ट्या लागतात. मला हा नियम फारच आवडला होता. तेव्हा मी जिवंत होतो.

तू मला ओळखतोस. पंपाच्या दुकानात फरशी पुसायला लागलो आणि आज तीन दुकानांवर माझी पाटी आहे. कोणापुढे हात पसरला नाही, कोणाला घाबरलो नाही. कॉम्प्युटरही कोणाला न विचारता शिकलो. बटण दाबायचं आणि यंत्र काय म्हणतं ते ऐकायचं, पंपालाही हेच करतो. आणि लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी लिहिलं ते बोगद्याचं. शिबिराच्या मैदानामागचा तो बंद पडलेल्या रेल्वेचा बोगदा, ज्याच्या तोंडाशी मोठी मुलंसुद्धा आवाज खाली आणायची, त्यातून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा गेलो. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नवा नोकर ठेवला की त्याला पहिल्या आठवड्यात मी ती सांगतो, म्हणजे पुढे पगारवाढ मागताना तो जरा दबून असतो. तर ते लिहिलं, पुढे एक शिट्टी उमटली, आणि छाती फुगवून मी मुंगुसाचं, म्हणजे माझं, उरलेलं पान वाचायला घेतलं. तिथे घोळ झाला.

घोळ खुंट्यांनी केला. दलात पाऊल टाकलं की घरचं नाव बाहेर चपलांशेजारी ठेवायचं, आणि ज्या खुंटीला पिशवी, त्या खुंटीवरच्या चित्राचं नाव आपलं. कोणी घोरपड, कोणी सुतारपक्षी, तू कासव, मी मुंगूस. मुलगा मोठा होऊन गेला की खुंटी रिकामी, आणि नवा येणारा त्याच नावाचा मालक. म्हणून तर आपण जन्माचे मित्र असून एकमेकांची खरी नावं आपल्याला चाचपडावी लागतात. (तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी दोन दिवस विचारत होतो की हे कोण, आणि मला का बोलावलंय.) आता माझ्या आधी त्या खुंटीचे दोन मुंगूस होऊन गेले, हे विकीला कसं कळावं? जो तो आपापल्या काळातल्या मुंगुसाबद्दल त्या एकाच पानावर लिहून गेला. त्यामुळे हा मुंगूस दलाच्या पहिल्या वर्षी भरती झाला आणि शेवटच्या वर्षी हॉलला कुलूप लावूनच बाहेर पडला, आणि एवढी सगळी वर्षं बाल तुकडीतच होता. तो उंच होता आणि बुटका होता. गळा गोड होता, पण गायला लागला की त्याला गप्प बसवत (हा मी). झाडावरून पडून पाय मोडला (मीच). नाटकात राणी झाला (तो पहिला, पण आता सगळे मला विचारतात). दोन लग्नं केली. (यावर बायकोने जेवताना विचारलं, "दुसरी कोण हो?" मी म्हणालो, "ती दुसऱ्या मुंगुसाची." ती म्हणाली, "मग मी कितव्याची?" कासवा, मी आमटी वाढून घेतली.)

इथपर्यंत मी हसत होतो. मग शेवटची ओळ आली. "मुंगुसाच्या डाव्या कानात गुणगुण सुरू झाली. त्याने ती अंगावर काढली. त्याच दुखण्यात तो गेला." पुढे दोन शिट्ट्या.

आता नीट ऐक. ही ओळ वाचली त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या डाव्या कानात गुणगुण होती, आणि ती मी अंगावर काढत होतो. कोणाला बोललो नव्हतो. माझे कान म्हणजे माझा धंदा. भिंतीपलीकडच्या पंपाचं बेअरिंग गेलंय की वायंडिंग जळायला आलंय, हे मी चहा पिता पिता सांगतो. बाहेर गिऱ्हाईक बायकोच्या कानात "शंभर कमी सांगू का" म्हणतं ते मला आतल्या खोलीत कळतं. असल्या कानात टाकीतलं पाणी संपल्यावर कोरडा चाललेल्या पंपासारखा आवाज यायला लागला, आणि त्याचं बटण कुठे आहे ते मला सापडेना. त्यात पडद्यावर ही ओळ. उठून सगळी दारं तपासली (का, ते विचारू नकोस), परत येऊन बसलो, परत वाचली. तीच. मला समजतं रे, की तो दुसरा मुंगूस, आपल्या आधीचा, तो उंच गाणारा, बिचारा खरंच असाच गेला. डोक्याला पटतं. पण आवाज डोक्यातच आहे ना.

मी ओळ खोडली. खारताईने परत आणली. मी खोडली, तिने आणली. पुन्हा मी खोडली, तेव्हा तिने पानालाच कुलूप घातलं आणि शेरा मारला, "हा सदस्य मृताच्या पानावर धुमाकूळ घालत आहे." (हे मागे जमा झालंय, कोणालाही वाचता येतं. माझ्या व्याह्यांनी वाचलं.) मग मी फोन केला. म्हटलं, खारताई, मी मुंगूस बोलतोय. ती म्हणाली, "कोणता?" मी म्हणालो, "कोणता काय, जिवंत." तर ही बाई शांतपणे म्हणते, "अरे, तू जिवंत आहेस ते मला ऐकू येतंय. पण पानाला ते कसं कळणार? तू त्या गेलेल्यापेक्षा वेगळा आहेस असं एक काहीतरी दाखव, म्हणजे मी तीन मुंगुसांची तीन पानं करते. दोन शिट्ट्या आण, तुझी स्वतःची सोडून." मी म्हटलं, बोगदा! दुसरा मुंगूस दल सोडून गेल्यावरची गोष्ट आहे, बोगद्यातून गेलेला तो मी, पुरावा लिहिलेलाच आहे. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला, मग चष्मा घातल्याचा. (तोही ऐकू आला.) "तू लिहिलंयस, एकटा गेलो. एकटा होतास तर शिट्ट्या कोण देणार? आणि मुंगुसा," इथे तिचा आवाज लहानपणीसारखा झाला, "मी अलीकडच्या तोंडाशी उभी होते. पलीकडून दोन शिट्ट्या आल्या होत्या. 'एकटा' हा शब्द काढ, मी माझी देते. दुसरी कासवाकडून आण." मी म्हटलं, बोगद्यात आवाज घुमतो, एकाच्या दोन होतात. ती म्हणाली, "घुमलेली बारीक होत जाते. या दोन्ही सारख्या होत्या." कासवा, कान फक्त मलाच आहेत असं मी आजवर समजत होतो.

मी फोन ठेवला. तत्त्वाचा प्रश्न आहे. एक शब्द काढायचा म्हणजे सगळ्या घराला पाठ असलेली गोष्ट बदलायची, आणि नोकरांचे पगार वाढवायचे.

दरम्यान पानाच्या मागच्या अंगाला चर्चेची जागा असते, तिथे मी जिवंत आहे का यावर चर्चा सुरू झाली. सुतारपक्ष्याने लिहिलं की त्याने मला मागे बाजारात पाहिलं होतं, पण मी अंगाने बराच उतरलो होतो, त्यामुळे तो ठामपणे सांगू शकत नाही. घोरपडीने लिहिलं की मुंगूस गेला हे वाचून फार वाईट वाटलं, दुकानात गेलं की गिऱ्हाईक नसलं तरी खुर्ची द्यायचा, तोंडाचा फटकळ पण मनाचा मोठा. हे मी चारदा वाचलं. खरं सांगतो, क्षणभर वाटलं की राहू द्यावी ती ओळ. जिवंतपणी हीच घोरपड माझ्याकडून पंप नेते आणि खुर्चीबद्दल चकार शब्द काढत नाही. पण तिच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "कानाचं दुखणं वाईटच. कळेपर्यंत उशीर झालेला असतो." मी कॉम्प्युटर बंद केला, आणि यंत्र बंद झाल्यावर खोलीत जो आवाज उरला तो माझा होता.

तेव्हा मी बायकोला सांगितलं. तिने उठून छत्री घेतली, मला चपला दिल्या आणि कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलेसे, हात उबदार. कानात बघितलं, दोन दांड्यांचा तो घुमणारा चिमटा वाजवून कपाळाला टेकवला आणि म्हणाले, बहुतेक काही नसेल, पण एका बाजूचा आवाज आहे तर एकदा डोक्याची आतून तपासणी करून घेऊ. (या "बहुतेक"वर मी अजून जगतोय.) मग ते शेजारच्या खोलीत गेले आणि दार लावून यंत्रवाल्या बाईंना म्हणाले, "हे गृहस्थ घाबरणारे दिसतात, जरा सांभाळून घ्या." दार जाड होतं. माझ्यासाठी नाही. बाई आल्या आणि विचारलं, बंद जागेत गुदमरायला होतं का? मी मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं म्हणालो, बाई, मी बोगद्यातून एकटा गेलेला माणूस आहे. त्या म्हणाल्या, "मग छानच. हाही बोगदाच आहे, फक्त निजून जायचं."

ते यंत्र मी पाहिलं. पांढरं, गोल तोंडाचं. माणसाला फळीवर निजवतात, डोकं एका पिंजऱ्यात धरतात आणि आत सरकवतात; आत नाकापुढे हातभर जागाही नाही. अंगावर धातू चालत नाही, अंगठी, घड्याळ, पट्टा सगळं बाहेर. हातात एक रबरी फुगा देतात, फार वाटलं तर दाबायचा, म्हणजे बाहेर ओरडतो आणि ते तुम्हाला काढतात. मी सगळी तयारी ठेवली होती, पण त्या दिवशी यंत्राचा आवाज मला बरोबर वाटला नाही, आणि या बाबतीत मी स्वतःपलीकडे कोणाचं ऐकत नाही, म्हणून तपासणी पुढे ढकलली. आता येत्या सोमवारी सकाळी जायचंय. बायकोला स्पष्ट सांगितलंय, ती ओळ पानावर असेपर्यंत मी त्या फळीवर निजणार नाही. ती म्हणाली, "यंत्र काय ते पान वाचून चालतं का?" नसेल वाचत. पण मी वाचलंय. आत गेलो की डोळ्यांपुढे दुसरं काही नसणार, आणि तेवढ्या अंधारात मला ती ओळच दिसेल, दोन शिट्ट्यांसकट. आणि बाहेर आल्यावर डॉक्टर तोंड उघडतील तेव्हा त्यांच्या तोंडून तीच निघेल असं वाटत राहतं. त्या दुसऱ्या मुंगुसाचं गाणं मला आठवतं रे. खुंटीवरून पिशवी काढताना तो गात होता, मी पाठीमागे माझी पिशवी घेऊन उभा होतो, जागा कधी रिकामी होते त्याची वाट बघत. तेव्हा वाटलं नव्हतं की खुंटीबरोबर आणखी काही मिळतं.

असो. तुला घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही, आणि मी घाबरलेलो नाही हे वर आलंच आहे. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद, जावयाला खुर्चीवरून उठायला सांग. इकडे सगळे ठीक आहेत, एक कान सोडून.

तुझा,
मुंगूस (तिसरा, चालू)

ता. क. — खारताईला तुझ्या हातच्या चार ओळी चालतील, ती त्यांचा फोटो लावते. लिही की बोगद्यातून गेलेला मुंगूस हा तिसरा, त्याला तू ओळखतोस, आणि तो आहे. "एकटा" हा शब्द मी आज सकाळी काढला. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा — वर यंत्राच्या आवाजाबद्दल लिहिलंय. यंत्र तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. फळी हलायच्या आधीच मी फुगा दाबला होता.

ता. क. तिसरा — ओळीचं राहिलं तरी चालेल, तू सोमवारी ये. घरचं एक माणूस आत थांबू देतात, पायाला हात लावून बसता येतं. बायको येतेय म्हणते, पण ती धीराची आहे, तिला माझं तोंड बघून हसू येईल. मी यंत्रवाल्या बाईंना विचारलं, भाऊ चालेल का? त्या चालेल म्हणाल्या. तुझा तो पितळी बकलाचा पट्टा मात्र घालून येऊ नकोस, दारातच काढून घेतील. नाहीतर मला तो धरायची सवय आहे. त्या दिवशी बोगद्यात मी डोळे घट्ट मिटून, तुझा पट्टा मागून धरून चाललो होतो. पलीकडे पोचल्यावर मला फुंकताच येईना, म्हणून दोन्ही शिट्ट्या तूच वाजवल्या होत्यास.